खाणीकडं पाठ

आमच्या जावयानं खाणीकडं पाठ करून खाण मोजली.

खोटं वाटेल, पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बाभळीच्या सावलीला बाज टाकलेली, बाजेवर ठेवणीतली सोलापुरी चादर, चादरीवर व्यंकटराव बसलेला आणि मांडीवर सरकारी कागदांचा गठ्ठा. तोंड रस्त्याकडं. त्या रस्त्यावर बघण्यासारखं काय होतं म्हणाल, तर एक मैलाचा दगड आणि त्याच्यावर ऊन खात बसलेला सरडा. पाठीमागं चार पुरुष खोल खाण नुसती ठणाणत होती. पण सकाळी नऊला बसलेल्या गड्यानं दुपारपर्यंत एकदाही मान वळवली नाही. मधूनच दगडासारखा निश्चल बसायचा, मधूनच खिशातला चिठोरा काढून त्यावर काहीतरी खरडायचा आणि परत खिशात कोंबायचा.

"खाणीला नजर लागत नाही म्हणावं. एकदा बघून तरी घ्या," मी म्हटलं.

हे मी शेळीला म्हटलं.

आमच्या वडारांत सासू जावयाशी समोरून बोलत नाही. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडं, आणि सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरं माणूस नसलं तर शेळी, मडकं, चूल, काहीही चालतं. लेकीच्या, शेवंताच्या, लग्नाला चार वर्षं झाली होती, तेवढ्या काळात मी जावयाशी एक अक्षर बोलले नव्हते. शेळी मात्र त्याच्या वाटची बोलणी खाऊन खाऊन निब्बर झाली होती.

आणि तो काही माझ्या एकटीचा जावई नव्हता. आमची खाण म्हणजे एकच भावकी. खडीवर बसणाऱ्या बायकांत कुणी त्याची चुलतसासू, कुणी मावससासू, कुणी मेहुणी. सकाळी त्याची फटफटी माळावर दिसली तशा सगळ्या हातोड्या टाकून उठल्या आणि पदर सावरत दगडाआड जाऊन बसल्या. साहेब बाजेवर टेकले, रस्त्याकडं तोंड केलं, तेव्हा कुठं एकेक हातोडी परत वाजायला लागली. मी मनात म्हटलं, बघा, पदवी घेतली आणि खाणीकडं बघायला डोळे जड झाले. ह्याचा बाप घण मारून मारून वाकला, आणि ह्याला दगड बघवेना!

त्याचं काम असं होतं. राज्यात खाणी किती, माणसं किती राबतात, दगड किती निघतो, हे सगळं गोळा करून वर पाठवायचं. मुंबईला त्याचं पुस्तक छापतात. मागल्या साली त्यानं ते पुस्तक आणून आमच्या मुकादमांना दाखवलं होतं. मुकादम म्हणजे माझे मालक. सगळी खाण त्यांना मुकादम म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. मी शाळा दुसरीपर्यंत शिकले. अक्षरं सुटी सुटी लागतात, पण लागतात. मी चुलीकडं तोंड करून विचारलं, "ह्यात आपली खाण कुठं हाय?"

जावयानं एका ओळीवर बोट ठेवलं. वर ठळक छापलं होतं, 'गौण खनिजे'.

"गौण म्हंजी काय ओ?" मुकादमांनी विचारलं.

"म्हणजे दुय्यम, मामा. कोळसा, लोखंड हे प्रमुख. दगड, खडी, मुरूम हे गौण."

"चुलीबाई," मी म्हटलं, "ज्या कचेरीत बसून हे लिहितात, तिच्या भिंती कोळशाच्या हायत का, तेवढं बघून यायला सांग."

जावयाला चहाचा ठसका लागला. हसला असावा. मी काही वळून बघितलं नाही.

ह्या खेपेची मोजणी मात्र पुस्तकापुरती नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी कामगार कचेरीतल्या एक बाई येऊन गेल्या होत्या, करड्या केसांच्या, पायात पुरुषी चपला घातलेल्या. त्यांनी आम्हा सगळ्या बायांना गोळा करून सांगितलं, "ज्या खाणीवर तीस किंवा जास्त बायका कामाला असतील, तिथं लेकरांसाठी पत्र्याची शेड मिळणार आहे. सांभाळायला बाई मिळणार, पाण्याची टाकी मिळणार. यादी ह्या मोजणीवरून होणार. एवढी संधी घालवू नका. शेडसाठी पुढची मोजणी तीन वर्षांनी."

आम्ही बायका होतो एकेचाळीस. शेड आमचीच होती म्हणा ना.

ती शेड का हवी होती तेही सांगते. आमची तान्ही लेकरं बाभळीला झोळी बांधून त्यात निजायची. सुरुंग लावायच्या आधी मुकादम शिट्टी मारायचे, की आम्ही लेकरांसकट झोळ्या सोडून घेऊन पळायचं. माझ्या सुनेचं, अंबूचं, लेकरू सात महिन्यांचं होतं. दुर्गी. एके दिवशी शिट्टी झाली तेव्हा दुर्गी योगायोगानं अंबूच्या छातीशी होती, म्हणून अंबू तशीच पळाली. झोळी राहिली बाभळीला. धूळ बसल्यावर जाऊन बघतो तर झोळीच्या बुडाला नारळ जाईल एवढं भोक. खाली दगड पडलेला, अजून कोमट.

अंबू रडली नाही. तिनं सुई घेतली आणि झोळीला ठिगळ लावायला बसली. दोरा ओवता येईना तिला. मी ओवून दिला. दुसऱ्या दिवशी दुर्गी त्याच झोळीत, त्याच बाभळीला. दुसरी बाभूळच नव्हती माळावर.

तर अशा त्या बाभळीखाली आमचे जावईबापू चादर अंथरून, खाणीला पाठ दाखवून, आकडे लिहीत बसले होते.

दुपारी जेवायला घरी आले. शेंगाची चटणी, मुगाची उसळ, कडक भाकरी आणि त्याच्यासाठी म्हणून गुळाची पोळी. पाच भाकऱ्या हाणल्या. मोजायचं नसतं जावयाचं जेवण, पण तो मोजायलाच आला होता म्हणून मीही मोजलं. हात धुवायला तो परसात गेला, कागद खाटेवर राहिले. अंबू सातवी झालेली. मी तिला डोळ्यानं खुणावलं.

अंबूनं कागद उलगडला, वरून खाली वाचत गेली. खाणीच्या शेठचं नाव, खाणीचं क्षेत्र, सुरुंगाची दारू. मग म्हणाली, "पुरुष कामगार, अडतीस."

"बरोबर. पुढं?"

अंबूचं बोट पुढच्या ओळीवर अडकलं.

"अगं वाच की!"

"स्त्री कामगार," ती म्हणाली, "शून्य."

मला वाटलं पोरीला नीट वाचता येत नाही. मी कागद हिसकला. अक्षरं मला सुटी सुटी लागतात, पण शून्य काय, शून्य कुणालाही लागतं. हे एवढं गोल, वळणदार, शाळामास्तरासारखं. त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, हातानं फोडलेली खडी, महिन्याला सव्वाशे ब्रास.

आता तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या खाणीत गडी खडी फोडत नसत. गडी सुरुंग लावायचे, पहारीनं दगड सुटा करायचे, घणानं त्याचे तुकडे करायचे. तिथून पुढं तुकडा बाईच्या पायात. खडीचा एकेक दाणा बाईच्या हातोडीखालून जायचा. सव्वाशे ब्रास लिहिताना त्या गड्याचा हात अडखळला नाही, आणि बाया लिहिताना शून्य!

जावई टॉवेलाला हात पुसत आत आला. मी पदर ओढला, भिंतीकडं वळले, आणि दारातल्या शेळीला म्हटलं, "काय गं भवाने, महिन्याला सव्वाशे ब्रास खडी फोडतीस आणि घरात सांगत नाहीस?"

जावई जागीच थांबला.

"आं? बोल की! अडतीस गडी पहारीवर, बाया तर एक बी नाही. मग खडी कुणी फोडली? तूच फोडलीस. तुझ्या बोकडानं वाहून नेली. तरीच दूध कमी झालंय तुझं!"

मुकादम भाकरीचा तुकडा हातात धरून खाली बघत राहिले. जावयाचं तोंड मला दिसत नव्हतं. आवाज मात्र खालच्या पट्टीत आला, "मामा, शेळीला सांगा, कागदाला नावं लागतात. नावाशिवाय माणूस कागदावर चढत नाही. तसा नियम आहे."

"नियम!" मी शेळीला म्हटलं. "नियम खा तू आता. कडबा बंद."

त्यानं कागद गोळा केले. पलीकडच्या माळावरची दुसरी खाण मोजायची होती. "उद्या सकाळी येतो, मामा. तुमची सही लागेल. संध्याकाळी कचेरीत जमा करायचे आहेत," म्हणाला आणि गेला. निघताना दाराशी वाकून त्यानं नमस्कार केला, तो माझ्या पाठीला पोचला.

संध्याकाळी काम सुटल्यावर सगळ्या बायका माझ्या अंगणात जमल्या. शून्याची बातमी खाणीत सुरुंगासारखी फुटली होती. माझी चुलत जाऊ साबव्वा, जिभेनं माझ्याहून एक पाऊल पुढं, ती म्हणाली, "अक्का, तुमच्या जावयानं आम्हाला जित्तेपणी पुसलं की ओ! मेल्यावर तरी बाराव्याला नाव घेतात."

"माझा एकटीचा जावई का?" मी म्हटलं. "लग्नात आहेराची लुगडी घेताना तू बी सासूच होतीस की."

"लुगडं फाटलं ते. जावई नवा हाय अजून."

सगळ्या हसल्या, पण हसण्यात जीव नव्हता. कोपऱ्यात अंबू दुर्गीला पाजत बसली होती. मग एकेकीनं तोंड सोडलं. कुणी म्हणालं, शेठनं चिरीमिरी दिली असंल. कुणी म्हणालं, शिकला की माणूस आपला राहत नाही. कुणी म्हणालं, साधं बघितलं सुद्धा नाही मेल्यानं आमच्याकडं, पाठ करून बसला, जसं काही आम्ही म्हणजे हागणदारी. मीही कमी बोलले नाही. माझ्या तोंडून त्या संध्याकाळी जे काय निघालं ते शेळीलाही ऐकवलं नसतं.

मुकादम मात्र ओट्याच्या कडेला विडी ओढत बसले होते. विडी विझली होती, तरी ओढत होते. मी म्हटलं, "तुम्ही बोला की काहीतरी! तुमचा सासरेपणा काय कामाचा?"

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, सगळ्या बायकांकडं एकदा बघितलं. "उद्या तो आला की बोलू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फटफटी वाजली तशा बायका उठल्या नाहीत. मीच सांगितलं होतं, कुणी उठायचं नाही, नुसत्या पाठमोऱ्या व्हा आणि गप्प बसा. एकेचाळीस हातोड्या एकदम बंद. खाण अशी गप्प झाली की बाभळीवरचे कावळे घाबरून उडाले. जावई बाजेवर बसला, परत रस्त्याकडंच तोंड करून. मुकादम त्याच्या शेजारी. मी बाजेमागं, बाभळीच्या खोडाकडं तोंड करून. शेळी मुद्दाम सोबत आणली होती.

"शेळे," मी सुरुवात केली, "त्यांना विचार, काल सकाळी नऊपासून बारापर्यंत इथं बसून काय मोजलं? सरडे?"

"मामा," तो म्हणाला, "मामींना म्हणावं, बायकाच मोजल्या."

"किती भरल्या विचार."

त्यानं खिशातून तो चिठोरा काढला आणि मुकादमांच्या हातात दिला. मी पदराच्या फटीतून बघितलं. पेन्सिलीच्या उभ्या रेघा, पाच-पाचाच्या जुड्या बांधलेल्या. आठ जुड्या, वर एक रेघ.

"एकेचाळीस," मुकादम म्हणाले.

मी शेळीला विसरले. "न बघता?" बाभळीला विचारलं.

"ऐकून," तो म्हणाला. "घण वेगळा वाजतो, हातोडी वेगळी. आणि प्रत्येक हातोडी वेगळी. खाणीतच वाढलोय मामा, त्यात विशेष काही नाही. पायऱ्यांजवळ एक हातोडी चार ठोके मारून थांबते, परत चार मारून थांबते, तिला खोकला आहे. बाभळीच्या बाजूची एक मधूनच चुकते. तिचं लक्ष झोळीकडं असतं."

ती अंबू.

"मग वळून बघायला काय झालं होतं?" मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

त्यानं मांडीवरचा गठ्ठा सारखा केला. मग म्हणाला, "मामा, सकाळी मी आलो तशा सगळ्याजणी कामावरून उठल्या. मी तोंड करून बसलो असतो तर दिवसभर तशाच दगडाआड बसल्या असत्या. रोज बुडाला असता. आणि... जावयानं सासवांना कामात बघायचं नसतं."

हे खरं होतं. माझ्या वयाच्या आम्ही बायका चोळी घालत नसू, पदर तेवढा आडोसा, आणि हातोडी मारताना पदर काही आपल्या जागेवर राहत नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दोन्ही पाय पसरलेले, पायात दगड. जावयाच्या नजरेला पडायची ती बसणी नव्हेच. म्हणजे ज्या पाठीला मी कालपासून शिव्या देत होते, ती पाठ त्यानं आमच्याकरता केली होती.

पण मी सहजासहजी हार खाणारी नाही. "ऐकून एकेचाळीस भरल्या, तर कागदावर शून्य कुणी काढलं? शेळीनं?"

"नावं लागतात, मामी," तो म्हणाला. चुकून थेट मलाच म्हणाला, मग सावरून, "मामा, तुम्हीच सांगा. काल मी तुमच्याकडं नावं मागितली होती."

मुकादमांनी विडी पेटवली. "मागितली," ते म्हणाले. "माझ्याकडं एक बी नव्हतं. परवा रात्रीपासून एकेक बाई येऊन सांगून गेली, 'मुकादम, माझं तेवढं गाळा. व्यंकटरावाच्या हातानं त्याच्या चुलतसासूचं नाव मजुरांत नको. एकीनं काय फरक पडतोय?' दुसरी आली, 'माझं तेवढं गाळा.' तिसरी आली. एकेचाळीस जणींनी आपापलं एकेक गाळलं. राहिलं काय? ते त्यानं लिहिलं."

काल माझ्या अंगणात कडाकडा बोटं मोडणाऱ्या सगळ्या खाली माना घालून बसल्या होत्या. साबव्वा दगडाच्या कपच्या निवडत होती, जसं काही त्यात तांदूळ होते.

"आणि ह्या सगळ्यांत पहिली कोण आली," मुकादम म्हणाले, "ते मी सांगत नाही. मला रोज तिच्या हातची भाकरी खायची असती."

आता लपवून काय करू? पहिली मी.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला म्हटलं होतं, "उद्या नावं द्यायची. तुझं पहिलं घालतो." मी अंगावरच गेले. लेकीच्या सोयरिकीत मी विहीणबाईला ताठ मानेनं सांगितलं होतं, मुकादमाच्या घरातल्या बायका दगडाला हात लावत नाहीत. चार वर्षं ते सोंग मी निभावलं होतं. त्यांच्याकडं जायचं असलं की आठ दिवस आधीपासून हाताला तेल चोळायचं, घट्टे मऊ व्हावेत म्हणून. बांगड्या कोपरापर्यंत चढवायच्या. आणि आता जावयाच्याच हातानं सरकारदरबारी लिहून घ्यायचं, तिमव्वा, खडी फोडणारी? "माझं तेवढं गाळा," मी म्हटलं होतं. "बाकीच्या चाळीस हायत की. शेडीला तीस पुरतात." माझा हिशेब चोख होता. फक्त बाकीच्या चाळीस जणींनीही तोच केला होता. आणि का करू नये? मुकादमीणच नाव देत नाही म्हटल्यावर तिच्या जावांनी का द्यावं?

जावई हळूच म्हणाला, "मामा, एक हातोडी सगळ्यांच्या आधी सुरू होते आणि सगळ्यांच्या शेवटी थांबते. ती मी पहिल्यांदा ऐकली ते शेवंताला बघायला आलो तेव्हा. आम्ही माळावर असतानाच ऐकू येत होती. आम्ही दारात आलो आणि ती थांबली. आत गेलो तर मामी चुलीजवळ. कपाळावर धूळ तशीच."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आईनंही बघितलं," तो म्हणाला. "परत जाताना एसटीत आई हसत होती. म्हणाली, विहीणबाई माझ्यासारख्याच हायत. माझी आई अजून खडी फोडते, मामा. तुमच्याकडं यायचं असलं की तीसुद्धा आठ दिवस हाताला तेल लावते."

मी खोडाला टेकले. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. स्वतःचा आला, विहिणीचा आला, एकेचाळीस मूर्ख बायकांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या पाठमोऱ्या शहाण्याचा आला. सगळं ठाऊक होतं ह्याला! कानानं मोजलं, खिशात ठेवलं, आणि कुणाची लाज जाऊ नये म्हणून कागदावर ते गोल गोंडस शून्य काढून मोकळा झाला. त्या शून्यातून तर झोळीतला दगड गेला होता.

मी खाली उतरले. माझ्या जागेवरची हातोडी उचलली. वर आले आणि बाजेला वळसा घालून रस्त्याच्या बाजूनं त्याच्या पुढ्यात उभी राहिले. तो दचकून उठायला लागला, मान खाली.

"बसा," मी म्हटलं.

चार वर्षांत पहिल्यांदा मी जावयाचं तोंड बघितलं. डाव्या भुवईवर कपची लागल्याची जुनी खोक होती, पांढरी पडलेली. मला ठाऊकच नव्हती.

"लिहा. तिमव्वा अलकुंटे."

त्यानं शून्यावर रेघ मारली, दुसरा कागद जोडला. "मधलं नाव?" खाली बघूनच विचारलं.

"ते तुमच्या मामांचं. तुम्हीच घाला. सगळ्या पद्धती एका सकाळी मोडायला मला वेड लागलेलं नाही."

"वय?"

"पन्नासच्या पुढं. हातोडी पंचेचाळीस वर्षांची."

"काम?"

"खडी फोडणे. पुढं गौण बिवण काही लिहायचं नाही."

खालून साबव्वाचा आवाज आला, "माझं बी घ्या! साबव्वा. आणि वय दोन वर्षं कमी घाला, जावयाला एवढा अधिकार असतो." मग तिच्यामागून एकेक आवाज. एकेचाळीस नावं झाली. ती शेड नंतर आली, दीड वर्षानं आली, पहिल्याच वावटळीत तिचे दोन पत्रे उडाले आणि मुकादमांनी ते दगड ठेवून दाबले. दुर्गी तिथंच चालायला शिकली. पण हे सगळं पुढचं.

त्या सकाळी नावं लिहून झाली, तरी हा गडी बाजेवर तसाच, रस्त्याकडं तोंड करून, खाली मान घालून कागदाशी बोलत. "आता खात्री करायची राहिली," म्हणाला. "माणूस समक्ष बघितलं अशी सही करायची असते. मामा, तुम्ही बघून सांगता का, मी इथून..."

तेव्हा मी हातोडी बाजेच्या लाकडावर आपटली आणि सगळ्या खाणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "व्यंकटराव, जावई म्हणून तुम्ही सोनं आहात, माझ्या लेकीनं नशीब काढलं. पण मोजणारा म्हणून तुम्ही कुचकामी. माझी लाज राखायला माझ्या नातीच्या डोक्यावरचं छप्पर घालवत होता तुम्ही! मी नाव दिलं, माझी लाज गेली, मी मेले का? तुम्ही बी मरत नाही. उठा, ती बाज फिरवा, आणि आपल्या सासवांकडं डोळे उघडून बघा."